हात उचलण्याची मुभा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत असा एक प्रश्न असतो की, उत्तर देणाऱ्या व्यक्तीच्या मते नवऱ्याने बायकोला मारणे कोणकोणत्या परिस्थितीत योग्य ठरते. आणि त्यानंतर सात कारणे एकेक करून विचारली जातात. न सांगता घराबाहेर जाणे, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष करणे, नवऱ्याशी वाद घालणे, शरीरसंबंधाला नकार देणे, स्वयंपाक नीट न करणे, सासरच्या माणसांचा मान न ठेवणे आणि नवऱ्याला तिच्या चारित्र्याचा संशय येणे, अशी ती कारणे आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या फेरीत देशातील ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी यांपैकी किमान एका कारणासाठी मारणे योग्य असल्याचे सांगितले. २००५-०६ मधील तिसऱ्या फेरीत हेच प्रमाण स्त्रियांमध्ये ५४ टक्के आणि पुरुषांमध्ये ५१ टक्के होते. राज्याराज्यांतील तफावत मोठी आहे: तेलंगणात चौऱ्याऐंशी टक्क्यांच्या आसपास स्त्रियांनी होकार दिला, हिमाचल प्रदेशात हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आत राहिले, तर महाराष्ट्रात ते ४४ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीजवळच, आढळले. सातही कारणांत सर्वाधिक होकार मिळाले ते सासरच्यांचा मान न ठेवण्याच्या कारणाला.

हा प्रश्न मताविषयीचा आहे, घटनेविषयीचा नाही. घटनांची नोंद त्याच सर्वेक्षणाने स्वतंत्रपणे घेतली असून, अठरा ते एकोणपन्नास वयोगटातील विवाहित वा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांना नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसावी लागल्याचे तीत दिसते. ज्यांनी हिंसा सोसली त्यांच्यापैकी ७७ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितली नाही आणि कोणाला काही सांगितलेही नाही. मत आणि मौन यांच्या या दोन आकड्यांचा एकत्र विचार केल्याशिवाय घरातील मारहाणीचा सामाजिक पाया नीट कळत नाही, कारण मारणाऱ्याचा राग आणि मार खाणारीची असहायता एवढ्यावरच ही गोष्ट उभी असती, तर चार भिंतींपलीकडच्या माणसांनी तिला इतक्या सातत्याने हातभार लावला नसता.

स्त्रियांनी दिलेल्या होकारांचे प्रमाण पुरुषांच्या बरोबरीचे, आणि मागील फेऱ्यांत तर त्यांच्याहून अधिक, आहे हे पाहून बायकांनाच ते चालते असा निष्कर्ष काढला जातो. तो उथळ आहे आणि अन्यायाचाही आहे. नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये 'संरचनात्मक हिंसा' ही संकल्पना मांडली, म्हणजे कोणा एका माणसाने हात न उगारताही समाजाच्या रचनेमुळेच माणसांच्या वाट्याला येणारी हानी. आणि १९९० मध्ये तिच्या जोडीला त्यांनी 'सांस्कृतिक हिंसा' ही संज्ञा आणली. धर्म, भाषा, कला, शिक्षण, रूढी यांतील ज्या घटकांमुळे प्रत्यक्ष हिंसा योग्य वाटते, निदान गैर वाटेनाशी होते, त्या घटकांना त्यांनी हे नाव दिले. एखाद्या समाजाची समग्र संस्कृती हिंसक असते असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्या संस्कृतीतील नेमके कोणते धागे हिंसेला आधार देतात ते शोधावे, असा त्यांचा रोख होता.

हे धागे टिकतात कसे, याचे अधिक काटेकोर विवेचन तत्त्वज्ञ क्रिस्टिना बिक्केरी यांनी सामाजिक संकेतांविषयीच्या लेखनात केले आहे. त्यांच्या मांडणीनुसार एखादा संकेत माणूस पाळतो तो दोन अपेक्षांच्या बळावर: इतर लोक तसेच वागतात अशी त्याची समजूत असते, आणि आपणही तसेच वागावे अशी इतरांची अपेक्षा आहे, न वागल्यास ते नावे ठेवतील, हेही तो धरून चालतो. व्यक्तीचे खासगी मत या दोहोंहून वेगळे असू शकते. एखाद्या वस्तीतील निम्म्या बायकांना मारहाण मनातून घृणास्पद वाटत असली, तरी आपण एकट्याच असे मानतो असा प्रत्येकीचा समज असेल, तर संकेत जसाच्या तसा चालू राहतो. सर्वेक्षकाला मिळणाऱ्या होकारात मनातील मत किती आणि अपेक्षित उत्तर किती हे वेगळे काढणे अवघड आहे. परंतु अनोळखी व्यक्तीसमोरही अपेक्षित उत्तरच द्यावेसे वाटणे हे संकेताच्या ताकदीचेच प्रमाण होय.

महाराष्ट्रात ही मुभा कोणी लिहून दिलेली नाही. ती लग्नाच्या व्यवहारातून, नात्यांच्या उतरंडीतून आणि बोलण्याच्या सवयीतून तयार होते. मुलगी सासरी जाते तेव्हा तिचे घर बदलते, बहुतेक ठिकाणी आडनाव बदलते, काही घरांत नावही बदलते, आणि माहेर हे सणावाराला येण्याचे ठिकाण होऊन बसते. ती 'नीट नांदते' की नाही यावर तिच्या आईवडिलांची गावातील पत ठरते, धाकट्या बहिणीची सोयरीक जुळते किंवा अडते. त्यामुळे मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला आठ-पंधरा दिवस ठेवून घेऊन, समजूत काढून, परत नांदायला पाठवणे हे आईच्या निष्ठुरतेचे लक्षण नसते. तिच्यासमोर दुसरा प्रतिष्ठित मार्गच ठेवलेला नसतो. गावाकडे अशा वेळी दोन्हीकडची भावकी आणि चार जाणती माणसे बैठक बसवतात. मारले का, हा प्रश्न तेथे क्वचितच वादाचा असतो. चर्चा होते ती कारण काय घडले याची, म्हणजे तिने काय केले याची, आणि मार प्रमाणाबाहेर होता का याची. या दोन प्रश्नांतच संकेताची सारी रचना सामावली आहे. पहिल्याने मारण्याचा अधिकार गृहीत धरला जातो, दुसऱ्याने त्या अधिकाराची मर्यादा आखली जाते, आणि मर्यादा आखणारे स्वतःला न्यायी समजून उठतात.

नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले तर दाद कोणाकडे मागायची, या म्हणीत असहायतेचा उद्गार आहे हे खरे; पण ती म्हण सांत्वन म्हणून जेव्हा जखमी बाईला ऐकवली जाते, तेव्हा मारणारा माणूस ऋतुमानासारखा निसर्गाचा भाग होऊन जातो आणि त्याच्या कृतीची जबाबदारी कोणाकडेच उरत नाही. दारूबाबतही हेच घडते. प्यायल्यावर त्याला भान राहत नाही, असे सांगितले जाते. मात्र तोच माणूस प्यायलेल्या अवस्थेत मुकादमावर, सावकारावर किंवा गावच्या पुढाऱ्यावर सहसा हात टाकत नाही, म्हणजे कोणाला मारले तर चालते आणि कोणाला मारल्यास महागात पडते याचे भान त्याला पुरेपूर असते. दारूमुळे हिंसेची तीव्रता आणि वारंवारता वाढते, आणि म्हणूनच गडचिरोलीच्या दारूबंदी चळवळीपासून गावोगावी दारूचे दुकान बंद करण्यासाठी झालेल्या 'आडवी बाटली' मतदानापर्यंत बायकांनी या प्रश्नावर जी झुंज दिली ती सार्थ आहे. तरीही दारू ही कारणापेक्षा सबबीचे काम अधिक करते, आणि सबब चालते ती ऐकून घेणारे असतात म्हणून.

सासूच्या भूमिकेचा उलगडा तुर्की समाजशास्त्रज्ञ डेनिझ कांदियोती यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या एका कल्पनेने बराच होतो. पितृसत्ताक घरात तरुण सुनेला काहीच अधिकार नसतात, पण मुलगे झाल्यावर, वय वाढल्यावर आणि घरात सून आल्यावर तिला अधिकाराचा वाटा मिळतो. या आशेवर ती आधीची वर्षे सोसते. कांदियोती यांनी याला पितृसत्तेशी केलेला सौदा म्हटले. ज्या बाईने वीस वर्षे मार खाऊन हा सौदा पार पाडला, तिला सुनेने प्रतिकार करताच स्वतःचे सारे सोसणे वाया गेल्यासारखे वाटते. सासरच्यांचा मान न ठेवणे हे कारण यादीत सर्वांत वर का राहते, याचे उत्तर या उतरंडीत शोधावे लागते: मारहाण नवरा-बायकोमधील भांडणातून होते असे वरवर दिसले, तरी ती पुष्कळदा संपूर्ण घराच्या वतीने दिलेली शिक्षा असते.

ही भारताचीच खासियत आहे असे समजण्याचे कारण नाही. अठराव्या शतकातील इंग्लंडचे कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोन यांनी नोंदवून ठेवले आहे की, जुन्या कायद्यानुसार नवऱ्याला पत्नीला 'माफक' शिक्षा करण्याची मुभा होती. १८७८ मध्ये फ्रान्सिस पॉवर कॉब यांनी इंग्लंडमधील पत्नीछळावर लिहिलेल्या निबंधानंतर त्याच वर्षी तेथील संसदेने मारहाण झालेल्या पत्नीला विभक्त राहण्याचा आदेश मिळवता येईल अशी तरतूद केली. म्हणजे ज्या राज्यकर्त्यांनी १८६० मध्ये भारतीय दंड संहिता संमत केली, त्यांच्या स्वतःच्या समाजातही हा प्रश्न तेव्हा सुटलेला नव्हता. आणि त्या संहितेत पत्नी दहा वर्षांची झाली की तिच्यावर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार मानली जाणार नाही, असा अपवाद घालण्यात आला. कलकत्त्यात एका अल्पवयीन मुलीचा नवऱ्याच्या जबरदस्तीने मृत्यू झाल्यानंतर १८९१ मध्ये ही मर्यादा बारा वर्षे करण्यात आली, आणि त्या संमतिवयाच्या विधेयकाला लोकमान्य टिळकांनी परकीय सरकारने घरच्या धर्माचारात हात घालू नये या भूमिकेतून विरोध केला. स्वराज्याचा विचार करणाऱ्या थोर बुद्धीलाही घराच्या आत चाललेली सत्ता सत्ता म्हणून दिसली नाही, ही गोष्ट मराठी समाजाने वेदनेने लक्षात ठेवावी अशी आहे.

ती दिसली होती बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना. सुरतेतील एका विधवेला बालहत्येच्या आरोपाखाली झालेली शिक्षा आणि त्यानिमित्ताने वृत्तपत्रांतून सर्वच स्त्रियांवर झालेली दोषांची बरसात यांमुळे संतप्त होऊन त्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध छापला. ज्या दुर्गुणांसाठी स्त्रियांना दंड होतो तेच दुर्गुण पुरुषांत असताना त्यांना कोण विचारते, हा त्यांचा सवाल होता. स्वकीयांनीही त्या पुस्तकावर टीका केली तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा प्रकाशात आले.

दंड संहितेतील शरीरसंबंधाविषयीचा तो अपवाद मात्र वयाची अट वाढत वाढत आजवर टिकला आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा अठरा वर्षांवर नेली, नव्या भारतीय न्याय संहितेतही प्रौढ पत्नीबाबत तो कायम राहिला, दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मे २०२२ मध्ये त्यावर परस्परविरोधी निकाल दिले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात तो रद्द करण्याला विरोध दर्शवणारे प्रतिज्ञापत्र सादर केले.

न्यायालयेही समाजाच्या संकेतांपासून अलिप्त नसतात, हे महाराष्ट्राने १९७० च्या दशकात पाहिले. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलिस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष ठरवले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, यावरून प्रतिकार झाला नाही असा अर्थ काढला गेला. पोलिस ठाण्यात, गणवेशातल्या माणसांसमोर, रात्रीच्या वेळी एक गरीब मुलगी कोणता प्रतिकार करू शकेल याचा विचार त्या तर्कात नव्हता. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चौघा कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राने देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

त्याच वर्षी दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले. पत्नीला मारणे हा त्याआधीही गुन्हाच होता, परंतु साध्या दुखापतीचा गुन्हा अदखलपात्र असल्यामुळे पोलिस ठाण्यात तिची 'एनसी', म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवून, घरचे भांडण घरी मिटवा असे सांगून तिला परत पाठवले जाई. नव्या कलमाने विवाहितेचा छळ हा दखलपात्र गुन्हा ठरवला. त्या वर्षांत पुण्यात विवाहित तरुणींच्या संशयास्पद मृत्यूंनी लोक अस्वस्थ झाले होते. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा नारी समता मंच याच अस्वस्थतेतून उभा राहिला आणि त्याने केलेले प्रदर्शन महाराष्ट्रात गावोगावी फिरले. मुंबईतील स्त्री मुक्ती संघटनेचे ज्योती म्हापसेकर लिखित 'मुलगी झाली हो' हे नाटकही १९८३ मधलेच. या प्रयत्नांचे मोल कायद्याच्या कलमाइतकेच आहे, कारण त्यांनी बायकांना एकमेकींसमोर बोलते केले, आणि आपण एकटीच असे मानतो हा समज तुटला की संकेताची दुसरी बाजू, म्हणजे लोकांच्या अपेक्षेची बाजू, ढिली पडू लागते. संगमनेरला १९८८ मध्ये झालेल्या परित्यक्तांच्या परिषदेने ज्यांना समाज 'टाकलेल्या' म्हणत होता त्यांना हक्क मागणाऱ्या नागरिक म्हणून पुढे आणले.

कायद्याच्या गैरवापराची चर्चा त्यानंतर सातत्याने होत राहिली आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४९८-अ खाली सरसकट अटक करू नये असे निर्देश दिले. विनाकारण अटक होऊ नये हे तत्त्व म्हणून मान्य करावेच लागेल. पण हिंसा सोसणाऱ्या चार बायकांमधील तिघी कोणापाशी तोंडही उघडत नाहीत अशा समाजात तक्रार करणाऱ्या मोजक्या स्त्रियांविषयीचा संशय हाच चर्चेचा मुख्य विषय व्हावा, हे त्या समाजाच्या प्राधान्यक्रमावर प्रकाश टाकते.

संकेताला भौतिक पायाही असतो. प्रदीप पांडा आणि बिना अगरवाल यांनी केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या विवाहित स्त्रियांच्या नावावर जमीन वा घर नव्हते त्यांच्यापैकी ४९ टक्क्यांनी शारीरिक हिंसा सोसलेली आढळली. जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, घर असलेल्यांत १० टक्के आणि दोन्ही असलेल्यांत अवघे ७ टक्के होते. जिच्या नावावर घर आहे ती उठून निघून जाऊ शकते, किंवा मारणाऱ्यालाच बाहेर काढू शकते, ही शक्यता दोघांनाही माहीत असणे पुरेसे ठरते. त्याच केरळमध्ये पाचव्या सर्वेक्षणात निम्म्याहून अधिक स्त्रियांनी मारणे कधीकधी योग्य असते असे म्हटले, यावरून मत आणि वागणूक एकाच वेगाने बदलत नाहीत हेही लक्षात येते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रम हाती घेऊन शेतकऱ्यांना पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले होते. अनेक गावांनी ते मानले. हिंसाविरोधी कार्यक्रम म्हणून त्याची गणना सहसा होत नाही, ती व्हायला हवी.

संकेत बदलतो तो एकेका माणसाच्या मनपरिवर्तनाने कमी आणि सर्वांसमक्ष घेतलेल्या निर्णयाने अधिक. स्वीडनने १९७९ मध्ये आईवडिलांनी मुलांना मारण्यावर बंदी घातली, तेव्हा त्या कायद्यात स्वतंत्र शिक्षा ठेवली नव्हती. त्याऐवजी दुधाच्या खोक्यांवर माहिती छापून ती प्रत्येक घरच्या न्याहारीच्या टेबलापर्यंत पोहोचवण्यात आली, जेणेकरून शेजाऱ्यालाही हे ठाऊक आहे हे प्रत्येकाला ठाऊक व्हावे. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये केलेला ठराव याच जातीचा आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढून घेणे या प्रथा गावात बंद करण्याचे ठरले, आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. एकट्या घराने ती प्रथा मोडली असती तर त्याला नावे ठेवली गेली असती. गावानेच ठरवल्यावर नावे ठेवणाऱ्याचा आधार गेला. पत्नीला मारणे खपवून घेतले जाणार नाही असा ठराव किती ग्रामसभा करू शकतील, हा प्रश्न यापुढे विचारला गेला पाहिजे.

पुरुषांनी पुरुषांशी बोलण्याचे कामही महाराष्ट्रात झाले आहे. बायका मारण्यासाठी नसतात असे मानणाऱ्या पुरुषांनी पुढे यावे, अशी जाहिरात पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी १९९१ मध्ये दिली. तिला दोनशेहून अधिक पुरुषांनी प्रतिसाद दिला आणि त्यातून १९९३ मध्ये मुंबईत 'मावा' ही संस्था उभी राहिली. संस्थेतील हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी महाविद्यालयीन तरुणांसोबत काम करत असून, संस्थेचा 'पुरुष स्पंदनं' हा दिवाळी अंकही या विषयाला वाहिलेला आहे. त्या जाहिरातीला उत्तर देणारे पुरुष आधीही असेच मानत असणार; आपल्यासारखे दुसरे आहेत हे त्यांना तेव्हा कळले.

बाईला मौन तोडता यावे म्हणून टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, आणि त्यासाठी पोलिस ठाण्याची पायरी चढलीच पाहिजे असे नाही, या जाणिवेतून 'सेहत' या संस्थेने मुंबई महापालिकेच्या मदतीने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उघडले. जिना उतरताना पडले, दार लागले, असे सांगून येणाऱ्या बाईला तिच्या जखमेचे स्थान आणि स्वरूप पाहून परिचारिकेने वेगळे बसवून शांतपणे विचारावे, केसपेपरवर नीट नोंद करावी आणि समुपदेशकाकडे पाठवावे, असे प्रशिक्षण तेथे दिले गेले. जिला आजवर कोणी विचारलेच नव्हते तिला एका सरकारी नोकरीतील व्यक्तीने, दोष न देता, विचारणे हीच अनेकींसाठी संकेताला पडलेली पहिली भेग ठरते.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाने या साखळीत संरक्षण अधिकारी आणला, शारीरिक हिंसेसोबत मानसिक, लैंगिक आणि आर्थिक हिंसेची व्याख्या केली, आणि स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. अर्जाची पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा, असे हा कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी संरक्षण अधिकाऱ्याचे पद दुसऱ्या कामाच्या जोडीला सोपवलेले असते, तारखा पडत राहतात, आणि तेवढे महिने अर्जदार स्त्री त्याच घरात, त्याच शेजाऱ्यांमध्ये, त्याच भावकीच्या नजरेसमोर राहत असते. अर्ज मागे घे म्हणून तिला सांगायला या काळात कोण कोण येते आणि तिच्या बाजूने कोण उभे राहते, यावरच पुष्कळदा त्या अर्जाचे भवितव्य ठरते.